खाल्लेलं ‘बाधतं’ म्हणजे नेमकं काय होतं? अ‍ॅलर्जी, न पचणं आणि संवेदनशीलता यांतला फरक

ईदच्या सकाळी पाहुणा आला की शिरखुर्म्याची वाटी पुढे येते. एखादा म्हणतो, “नको, मला बाधतं.” यजमान लगेच म्हणतात, “अहो, दोन चमचे तरी घ्या. दोन चमच्यांनी काय होतंय? ईद आहे!” बहुतेक वेळा खरंच काही होत नाही. फार तर दुपारी पोट फुगतं. पण त्याच वाटीसमोर काजू-पिस्त्याची अ‍ॅलर्जी असलेलं मूल बसलं असेल, तर दोन चमचेही खूप झाले. त्याचा श्वास कोंडू शकतो.

अडचण आपल्या बोलण्यातच आहे. बाधतं, सोसत नाही, मानवत नाही, वावडं आहे, पित्त होतं, असे शब्द आपण सगळ्याच तक्रारींना लावतो. छातीत जळजळ झाली तरी ‘पित्त’ आणि अंगावर लाल गांधी उठल्या तरी ‘पित्त’. डॉक्टरांच्या दृष्टीने मात्र या एका शब्दामागे वेगवेगळे आजार असतात. एकात थोडं खाल्लं तर चालतं, दुसऱ्यात कणभरही चालत नाही. हा फरक घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः वाढणाऱ्याला, माहीत असणं गरजेचं आहे.

एक शब्द, चार वेगळ्या गोष्टी

*अ‍ॅलर्जी* ही शरीराच्या प्रतिकारशक्तीची चूक असते. दूध, अंडं, काजू, कोळंबी यांतलं एखादं प्रथिन शरीराला शत्रू वाटतं. शरीर त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवतं. पुढच्या वेळी तो पदार्थ पोटात गेला की हिस्टामिन आणि इतर द्रव्यं एकदम बाहेर पडतात. त्यामुळे अंगावर गांधी उठतात, ओठ आणि डोळे सुजतात, उलट्या होतात, दम लागतो. हे बहुधा काही मिनिटांत आणि जास्तीत जास्त साधारण दोन तासांत सुरू होतं. अगदी कमी प्रमाणही यासाठी पुरतं.

*इन्टॉलरन्स*, म्हणजे न पचणं, याचा प्रतिकारशक्तीशी संबंध नसतो. पदार्थ पचवायला लागणारी सामग्री शरीरात कमी पडते. दुधातली साखर न पचणं हे याचं नेहमीचं उदाहरण. पोट फुगतं, गुरगुरतं, जुलाब होतात. त्रास होतो, पण जिवावर बेतत नाही. आणि सगळा हिशेब प्रमाणाचा असतो: अर्धा कप चालतो, दोन ग्लास चालत नाहीत.

*सीलिअ‍ॅक आजार* या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. यात गहू आणि जवातल्या ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करतं. लगेच काही दिसत नाही, आतलं नुकसान मात्र चालू राहतं.

*संवेदनशीलता* हा जरा सैल शब्द आहे. एखाद्या पदार्थाने किंवा त्यात घातलेल्या रसायनाने डोकं दुखतं, पोट बिघडतं, दमा उचल खातो, पण तपासणीत अ‍ॅलर्जी निघत नाही. अशा वेळी हा शब्द वापरला जातो. त्रास खरा असतो, त्याचं कारण शोधावं लागतं.

आपल्या दस्तरखानावर काय कुठे लपलेलं असतं

अ‍ॅलर्जी तशी कोणत्याही पदार्थाची होऊ शकते. तरी गाय-म्हशीचं दूध, अंडं, शेंगदाणा, काजू-पिस्ता-अक्रोड-बदाम, मासे, कोळंबी-खेकडा, गहू, सोयाबीन आणि तीळ यांचीच प्रकरणं जगभर जास्त दिसतात. आपल्याकडे हरभऱ्याची, म्हणजे बेसनाचीही, अ‍ॅलर्जी आढळते.

घरच्या पदार्थांत हे घटक सहज ओळखू येत नाहीत. शिरखुर्म्यात दूध, गव्हाच्या शेवया आणि सुकामेवा असतो. कोरम्याच्या किंवा शाही रश्श्यात काजूची पेस्ट असते. कबाब बांधून येण्यासाठी अंडं, बेसन किंवा पावाचा चुरा घातला जातो. खिचडा आणि हलीम यांत गहू तर असतोच, कधी जवही असतात, आणि वरून तळलेले काजू पडतात. फिरनीवर पिस्ते भुरभुरलेले असतात. महाराष्ट्रातल्या कित्येक भाज्यांत शेंगदाण्याचं कूट असतं. घाण्याच्या शेंगदाणा तेलात थोडं प्रथिन शिल्लक राहतं, त्यामुळे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी ते टाळावं. इफ्तारीला भजी, समोसे आणि कोळंबीचे कटलेट एकाच कढईत तळले, तर तेलातून एकाचा अंश दुसऱ्यात जातो.

सुक्यामेव्यातली नातीही ध्यानात ठेवायला हवीत. काजू आणि पिस्ता ही जवळची भावंडं आहेत. एकाची अ‍ॅलर्जी असलेल्याला बहुतेकदा दुसऱ्याचीही असते. शिरखुर्म्यात आवर्जून पडणारी चारोळीही त्याच कुळातली, म्हणून काजूची अ‍ॅलर्जी असलेल्याला ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. बदाम वेगळ्या कुळातला आहे. शेंगदाणा तर मेवा नाहीच, ती डाळीच्या जातीची शेंग आहे. आंबाही काजूच्याच कुळातला. आंब्याचा चीक ओठांना लागून पुरळ येतं, ते मात्र बहुधा चिकामुळे कातडी चिडल्याने येतं. त्याला लगेच आंब्याची अ‍ॅलर्जी समजू नये.

दूध: दोन आजार, दोन वेगळे नियम

सर्वांत जास्त गोंधळ दुधाबद्दल होतो.

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज हे विकर लागतं. तान्हेपणी ते भरपूर असतं, वय वाढतं तसं अनेकांमध्ये ते कमी होत जातं. जगातल्या बहुसंख्य प्रौढांमध्ये असंच होतं आणि भारतातही असे लोक मोठ्या संख्येने आहेत. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू ती आंबवतात आणि गॅस, पोटदुखी, जुलाब सुरू होतात.

अशा माणसाने दूध पूर्ण सोडायची गरज नसते. बहुतेकांना एका वेळी एक कप दूध, म्हणजे सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज, जेवणाबरोबर घेतल्यास चालतं. दह्यातले जंतू बरीचशी साखर आधीच खाऊन टाकतात, म्हणून दही सोसतं. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतंच. रमजानमध्ये दिवसभराच्या रिकाम्या पोटी दूध-सरबताचे दोन मोठे ग्लास रिचवले तर पोट बिघडणारच. तेच थोडं, जेवणानंतर किंवा दह्याच्या रूपात घेतलं तर त्रास होत नाही.

दुधाची अ‍ॅलर्जी हा वेगळा आजार आहे. ती दुधातल्या प्रथिनांची असते आणि बहुतेकदा तान्ह्या बाळांत दिसते. तिथे दही चालत नाही आणि पनीर, खवाही चालत नाही. ‘लॅक्टोज-फ्री’ दूध तर अजिबात नाही, कारण त्यातली साखर काढलेली असली तरी प्रथिन तसंच असतं.

घरातली वडीलधारी माणसं अशा वेळी हमखास सांगतात, “गाईचं सोसत नाही ना, मग बकरीचं पाजा.” हे प्रेमापोटी सांगितलं जातं, पण घातक ठरू शकतं. गाय, म्हैस आणि बकरी यांच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी असतात की गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना बकरीच्या दुधानेही त्रास होतो. बाळाला कोणतं दूध द्यायचं ते बालरोगतज्ज्ञांनीच ठरवावं. आईचं दूध मात्र आपल्या मनाने तोडू नये. गरज पडली तर डॉक्टर आईलाच काही दिवस दुधाचे पदार्थ बंद करायला सांगतात.

गहू: चपाती सोडण्याआधी तपासणी

सीलिअ‍ॅक आजार भारतात गहू जास्त खाणाऱ्या उत्तरेकडच्या राज्यांत अधिक आढळतो, पण तो महाराष्ट्रातही आहे. मुलाची वाढ खुंटते, पोट मोठं दिसतं, वारंवार जुलाब होतात. मोठ्यांत कधी पोटाची तक्रार नसतेच, फक्त औषध घेऊनही रक्त वाढत नाही. वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन जागचं हलत नसेल, तर डॉक्टरांना या आजाराबद्दल जरूर विचारावं.

यासाठी टीटीजी-आयजीए नावाची रक्ततपासणी करतात आणि पुढे गरजेनुसार दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासतात. एक चूक मात्र अनेक जण करतात. कुणाचं तरी ऐकून आधी गहू सोडतात आणि मग तपासणीला जातात. गहू बंद केल्यावर रक्तातल्या खुणा कमी होतात आणि आजार असूनही अहवाल चांगला येऊ शकतो. म्हणून तपासणी होईपर्यंत चपाती चालू ठेवावी.

निदान पक्कं झालं की गहू आणि जव जन्मभर बंद. यात मैदा, रवा, शेवया, नान, शीरमाल, बिस्किटं, नानखटाई सगळं आलं. जवाची तलबीना आपल्याकडे सुन्नत म्हणून आणि आजाऱ्याला ताकद देणारी म्हणून आवर्जून दिली जाते. सीलिअ‍ॅकच्या रुग्णाला ती देऊ नये, कारण जवातही ग्लूटेन असतं. दुकानात मिळणाऱ्या बांधानी हिंगात अनेकदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, तेव्हा डबीवरचे घटक वाचावेत.

सुदैवाने महाराष्ट्रात ही पथ्यं पाळणं तुलनेने सोपं आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदळाची भाकरी ग्लूटेनशिवायचीच असते. फक्त गिरणीत गव्हाच्या दळणावर आपलं दळण टाकू नये. घरी दळावं, किंवा गिरणीवाल्या भाऊंशी बोलून गहू न दळणारं वेगळं जातं वापरावं.

मासळी: अ‍ॅलर्जी की शिळी मासळी?

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या घरांत मासळी रोजची. तिथे तीन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात.

कोळंबी, खेकडा, शेवंड, जवळा आणि सोडे यांची अ‍ॅलर्जी एका गटातली असते. त्यातलं मुख्य प्रथिन शिजवून किंवा वाळवून नष्ट होत नाही, म्हणून सोड्याची खिचडीही तेवढीच धोक्याची. काहींना कोळंबी शिजताना उठणाऱ्या वाफेनेही त्रास होतो.

माशांची अ‍ॅलर्जी वेगळी. कोळंबीची अ‍ॅलर्जी असलेल्याला सुरमई किंवा पापलेट चालू शकतं, पण तपासणी करून आणि एकाच कढईत न तळता.

तिसरी गोष्ट अ‍ॅलर्जी नाहीच. बांगडा, कुप्पा यांसारखे मासे बर्फाशिवाय काही तास राहिले की त्यांच्यात जंतूंमुळे हिस्टामिन तयार होतं. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात, हुबेहूब अ‍ॅलर्जीसारखं. हिस्टामिन शिजवल्याने जात नाही. याची ओळख अशी की बहुधा तो मासा खाल्लेल्या एकापेक्षा जास्त माणसांना एकदमच त्रास होतो आणि पूर्वी तोच मासा त्यांना चाललेला असतो. इथे दोष माणसाच्या शरीराचा नाही, मासळी नीट न ठेवण्याचा आहे. दम लागला किंवा भोवळ आली तर अर्थातच दवाखाना गाठायचा.

पोटाची कुरकुर आणि दम्याचा त्रास

काही जणांचं पोट कांदा, लसूण, राजमा, चणे किंवा गव्हाने फुगतं. यांतल्या ठराविक साखरी नीट शोषल्या जात नाहीत. ज्यांचं आतडं मुळातच हळवं असतं, त्यांना त्याचा जास्त त्रास होतो. इफ्तारीला खजूर, चणे, भजी आणि थंड सरबत एकापाठोपाठ गेलं की पोट बिघडायला अ‍ॅलर्जी असावी लागत नाही. बकरी ईदनंतर सलग तीन दिवस मटण खाऊन होणारी पोटदुखीही बहुधा अपचनाचीच असते.

दम्याच्या रुग्णांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सोनेरी-केशरी चमकणारे जर्दाळू आणि पिवळ्या मनुका टिकवण्यासाठी अनेकदा गंधकाची संयुगं, म्हणजे सल्फाइट, वापरतात. काही दमेकऱ्यांना त्याने धाप लागते. काळपट दिसणारे, गंधक न वापरलेले जर्दाळू त्यांच्यासाठी बरे.

तपासणी: काय करावं, काय करू नये

सर्वांत मोलाची तपासणी म्हणजे नीट सांगितलेली हकीकत. काय खाल्लं, किती खाल्लं, किती वेळाने काय झालं, याआधी तेच खाल्लं होतं का, हे एका वहीत लिहून ठेवा. अंगावर काही उठलं तर मोबाइलवर फोटो काढा, डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत ते बहुधा उतरलेलं असतं.

हकीकतीवरून संशय आला तर डॉक्टर त्वचेवर थेंब टाकून टोचणीची तपासणी किंवा रक्तातली आयजीई तपासणी करतात. पण नुसती तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे अ‍ॅलर्जी झाली, असं नाही. कर्नाटकात प्रौढांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे २६ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडली, पण अन्नाची संभाव्य अ‍ॅलर्जी असलेले लोक जेमतेम १.२ टक्के निघाले. बाकीचे तेच पदार्थ खाऊन मजेत होते. म्हणून शंका राहिली तर दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडं-थोडं खायला देऊन खात्री करतात. हा प्रयोग घरी कधीही करू नये.

बाजारात ‘शंभर-दोनशे पदार्थांची सेन्सिटिव्हिटी टेस्ट’ म्हणून रक्तातली आयजीजी मोजणारी महागडी तपासणी विकली जाते. आयजीजी ही आपण काय खातो याची खूण असते, आजाराची नव्हे. जगभरच्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ती निदानासाठी वापरू नये असं सांगितलं आहे. अशा अहवालावरून मुलाचं दूध, अंडं, गहू, डाळ सगळं एकदम बंद केलं तर अ‍ॅलर्जी राहते बाजूला आणि मूल कुपोषित होतं. खोटी अ‍ॅलर्जी चिकटवणंही नुकसानच करतं.

जीव वाचवणारी पंधरा मिनिटं

अ‍ॅलर्जीचं सर्वांत गंभीर रूप म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस. खाल्ल्यावर थोड्याच वेळात खालीलपैकी काही दिसलं तर वाट पाहू नका:

– आवाज बसणं, घसा आवळल्यासारखा वाटणं, जीभ सुजणं
– दम लागणं, छातीतून शिट्टीसारखा आवाज, सतत खोकला
– भोवळ, अंग थंडगार पडणं, बाळ एकदम मलूल होणं
– अंगावर गांधी आणि त्याबरोबर वारंवार उलट्या किंवा जोरात पोटदुखी

यावर पहिलं औषध एकच: अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. अ‍ॅलर्जीची गोळी खाज कमी करते, पण सुजलेला घसा आणि घसरलेला रक्तदाब सावरत नाही. “आधी गोळी देऊ, बघू उतरतंय का,” यात मोलाचा वेळ जातो.

रुग्णाला आडवं झोपवा आणि पाय थोडे उंच करा. दम लागत असेल तर टेकून बसू द्या. एकदम उभं करू नका, चालवत नेऊ नका. १०८ वर फोन करा, किंवा जवळच्या दवाखान्यात नेऊन दारातच सांगा, “अन्नाची अ‍ॅलर्जी, श्वास अडकतोय.” पाच ते पंधरा मिनिटांत उतार पडला नाही तर डॉक्टर दुसरं इंजेक्शन देतात. बरं वाटलं तरी लगेच घरी परतू नये, काही तासांनी त्रास उलटू शकतो.

परदेशात मिळणारी तयार अ‍ॅड्रेनॅलिन पेनं आपल्याकडे सहज मिळत नाहीत. म्हणून ज्यांना एकदा असा झटका येऊन गेला आहे, त्यांनी डॉक्टरांकडून वजनानुसार मात्रा लिहून घ्यावी आणि इंजेक्शन कसं ठेवायचं, कसं द्यायचं हे घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्यावं. ज्याला अ‍ॅलर्जीबरोबर दमाही आहे, त्याला धोका जास्त. त्याचा दमा आटोक्यात ठेवणं हाही उपचाराचाच भाग आहे.

बाळाला उशिरा द्यावं की वेळेवर?

पूर्वी डॉक्टरही सांगत, की अंडं, शेंगदाणा असे पदार्थ बाळाला उशिरा द्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ‘लीप’ अभ्यासाने हे मत बदललं. अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेली ६४० बाळं त्यात होती. ४ ते ११ महिन्यांच्या वयापासून ज्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, त्यांच्यात पाच वर्षांच्या वयात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी दिसली.

आपल्यासाठी याचा अर्थ साधा आहे. सहा महिने फक्त आईचं दूध, आणि वरचं खाणं सुरू झालं की अंडं, मऊ मासा, शेंगदाण्याचं बारीक कूट पेजेत किंवा डाळ-भातात मिसळून, एका वेळी एकच नवा पदार्थ. अख्खा शेंगदाणा किंवा काजू लहान मुलाला देऊ नये, तो घशात अडकतो. बाळाला तीव्र इसब असेल किंवा आधी एखादी अ‍ॅलर्जी दिसली असेल तर सुरुवात डॉक्टरांना विचारून करावी. दूध आणि अंड्याची अ‍ॅलर्जी अनेक मुलांत वाढत्या वयात निघून जाते. शेंगदाणा, सुकामेवा, मासे आणि कोळंबीची अ‍ॅलर्जी बहुधा टिकून राहते.

हलालची खूण, हिरवी खूण आणि घटकांची यादी

पाकिटावर हलालची खूण पाहायची आपल्याला सवय आहे. पण हलाल असणं आणि आपल्याला चालणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. काजू हलाल आहे, पण काजूच्या अ‍ॅलर्जीवाल्याला तो चालत नाही. शाकाहाराची हिरवी खूणही दूध, गहू, शेंगदाण्याबद्दल काही सांगत नाही.

एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार पाकिटावर ग्लूटेनयुक्त धान्यं, कोळंबी-खेकड्याचा गट, दूध, अंडं, मासे, शेंगदाणा व सुकामेवा, सोयाबीन आणि ठराविक प्रमाणापुढचं सल्फाइट यांचा उल्लेख ‘कंटेन्स’ या शब्दाने करावा लागतो. ‘मे कंटेन’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ कारखान्यात अंश मिसळला असू शकतो. तीळ या यादीत नाही, त्यामुळे तिळाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी घटकांची पूर्ण यादी वाचावी. सुटी मिठाई, बेकरीतला माल आणि दावतीचं जेवण यांवर लेबल नसतंच. तिथे विचारणं हाच मार्ग.

हज-उमरा किंवा नोकरीसाठी आखाती देशांत जाणाऱ्यांनी हे अरबी शब्द लिहून ठेवावेत: दूध – हलीब, अंडं – बैद, गहू – कम्ह, शेंगदाणा – फूल सुदानी, सुकामेवा – मुकस्सरात, तीळ – सिमसिम, मासा – समक, कोळंबी – रुबियान. तिकडच्या हम्मसमध्ये आणि हलव्यात ताहिनी, म्हणजे तिळाची पेस्ट असते. इंजेक्शन आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवावी. सौदीत रेड क्रेसेंटच्या रुग्णवाहिकेचा क्रमांक ९९७ आहे.

रोजा, मकतब आणि दावत

रोजात असताना चुकून काही पोटात जाऊन श्वास अडकू लागला, तर इंजेक्शन घ्यायला क्षणभरही थांबू नये. आजाऱ्याला रोजाची सवलत सूरह बकरामध्येच दिलेली आहे आणि सुटलेला रोजा नंतर कजा करता येतो. इतर औषधांच्या वेळांबद्दल डॉक्टर आणि आलिम दोघांनाही रमजानच्या आधीच विचारून घ्यावं. तरावीहला जातानाही इंजेक्शन सोबत असावं.

मुलाची अ‍ॅलर्जी शाळेत जशी सांगता तशी मकतबच्या उस्तादांनाही सांगा, कारण शिरणी तिथेही वाटली जाते. मशिदीतल्या इफ्तारीला किंवा एकाच थाळात सगळे जेवतात तिथे अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाचा वाटा आधीच, स्वच्छ चमच्याने, वेगळा काढावा. त्याला वेगळं ताट देणं म्हणजे त्याला वेगळं पाडणं नव्हे. शेजारी बसवूनच वाढावं.

आणि यजमानांसाठी एक गोष्ट. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत एक प्रसंग आहे. हजरत मैमूना (रजि.) यांच्या घरी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर भाजलेला दब्ब, म्हणजे वाळवंटातला घोरपडीसारखा प्राणी, ठेवला गेला. प्रेषितांनी हात मागे घेतला. हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी विचारलं, हे हराम आहे का? उत्तर मिळालं की हराम नाही, पण आपल्या लोकांच्या प्रदेशात हे नसतं आणि मनाला रुचत नाही. खालिद (रजि.) यांनी तो पुढे ओढून खाल्ला. खाणाऱ्याला कुणी अडवलं नाही आणि न खाणाऱ्याला कुणी आग्रह केला नाही.

नुसतं रुचत नाही म्हणून नाकारण्याला तिथे एवढा मान होता, तर ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे त्याच्या ‘नको’ला आपण किती मान द्यायला हवा! पाहुणा “बाधतं” म्हणाला तर “काय होतंय?” असं म्हणून वाटी पुढे करण्याऐवजी विचारावं, “काय चालत नाही तुम्हाला?” आणि ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्यानेही संकोच न करता स्पष्ट सांगावं, “बाधतं नाही, मला काजूची अ‍ॅलर्जी आहे, श्वास अडकतो.” मग मुलाची वाटी काजू-पिस्ते पडण्याआधीच, स्वच्छ चमच्याने बाजूला काढता येते.